खाली, उजवीकडे

मैनाबाईंनी टॅब समाजघराच्या जमिनीवर आडवा ठेवला आणि चौघीजणी त्याच्याभोवती बसल्या, सुपातले तांदूळ निवडायला बसावं तशा.

स्वातीने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बरोबर चारला, मुलांच्या वजनाची नोंद ठेवणाऱ्या ॲपसाठी तिने लिहिलेली मदतीची पानं बोईसरच्या ऑफिसातून चाळीस टॅबवर चढणार होती. उद्या ते टॅब डोंगरातल्या पाड्यांवर जाणार. तिथे नेट नाही. जे चढेल तेच वर्षभर राहणार. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर पानं नीट दिसत होती, फोनवर दिसत होती, स्टँडला टेकवलेल्या टॅबवरही. उरली होती ती फक्त ‘मदत समजली’ या कागदावरची मैनाबाईंची सही.

चार पाड्यांना मिळून टॅब एकच, म्हणून कामही वाटलेलं. मैनाबाई वाचायच्या आणि समोर बसलेली बायडी बोट लावायची. बायडीच्या मांडीवर तिची स्वरा होती, दीड वर्षाची, आताच काट्यावरून उतरवलेली. सात किलो दोनशे. गेल्या महिन्याहून कमी. नोंद झाली तरच तिचं नाव शुक्रवारच्या तपासणीच्या यादीत जाणार होतं.

मैनाबाईंनी मदतीचं पान उघडलं आणि हेल काढत वाचलं, “वजन भरल्यावर... खाली... उजवीकडचं बटण दाबा.”

बायडीने दाबलं. आकडा गेला.

“कुठं गेलं गं?”

“तू नीट दाबलं नाय.”

“उजवीकडंच दाबलं! हा जेवायचा हात नाय का माझा?”

हशा पिकला. पुन्हा आकडा भरला, पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. या खेपेला कोणी हसलं नाही. बायडीने बोट पदराला पुसलं, जणू बोटातच काही खोट असावी.

स्वातीच्या मात्र लक्षात आलं. बायडीचा खालचा उजवा कोपरा म्हणजे मैनाबाईंचा वरचा डावा. तिथे ‘पुसून टाका’ होतं.

फोन वाजला. ऑफिसातले प्रदीप सर.

“सही झाली?”

“सर, बटणाची जागा...”

“टॅब हातात धरायला सांग त्यांना. इथे सगळ्यांना जमलं. स्वाती, उद्या गाडी लागलीय.”

तिने सांगितलं. मैनाबाईंनी टॅब उचलून धरला. बाकीच्या तिघी त्यांच्या पाठीमागे ओणवल्या, स्वरा चेपली जाऊन रडू लागली. टॅब परत जमिनीवर आला.

“एकीच्याच हातात असला त बाकीच्यांनी काय बघायचं?” मैनाबाई म्हणाल्या. मग स्वातीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हात पुढे केला. “दे बाय कागद. इतक्या उन्हाची आली तू. तुझं काम नको अडाया.”

त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली आणि कागदावर फुंकर मारली.

स्वातीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पर्स खांद्याला लावली, उतरवली, परत लावली. काल संध्याकाळी शिरगावच्या देवळातल्या कीर्तनात बुवांनी ऐन रंगलेलं आख्यान थांबवलं होतं. मागच्या रांगेतल्या आजींना ऐकू गेलं नव्हतं. “आवाज माझाच पोचला नाही, माय,” म्हणून त्यांनी हात जोडले आणि पहिल्या पदापासून सुरुवात केली. लोक चुळबुळले होते. सगळ्यात जास्त स्वातीच. तिला आजची पानं संपवायची होती.

“परत आकडा भर आणि मैनाबाईंच्या बाजूचं हिरवं दाब,” ती बायडीला म्हणाली.

बायडीने दाबलं. आकडा राहिला.

“मग हिरवं म्हणाया काय झालं व्हतं?” बायडी म्हणाली आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवला.

स्वातीने फोन लावला.

“सर, चारला चढवू नका.”

“का? सही नाही मिळाली?”

“मिळाली.”

पलीकडून आवाज चढत गेला. तिने ऐकून घेतलं, मग फोन पालथा ठेवला. आवाज टाळायला नव्हे, लिहायला हात मोकळे हवे होते. तिने पर्समधून वही काढली.

“सरक जरा,” म्हणत ती बायडीशेजारी मांडी घालून बसली. इथून तिचंच वाक्य उलटं दिसत होतं.

“मैनाबाई, पहिल्यापासून वाचा.”