मानवी प्रतिष्ठा, पार्किंगमध्ये

वरदने हेल्मेट उत्तरेश्वरच्या तोंडावर हाणलं, तो आवाज थेट जिन्यापर्यंत आला. देवधर सर पहिल्या मजल्यावरच थबकले. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, काखेत भाषणाचे कागद. एकतीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून आज ते निवृत्त होणार होते. अकरा वाजता शेवटचं व्याख्यान. विषय, मानवी प्रतिष्ठा.

खाली कोथरूडमधली ती सज्जन सोसायटी सकाळचा व्यायाम करत होती. बँकेतले, आयटीतले, योगासनांच्या वर्गाला जाणारे, सगळे. मधोमध फरशीवर उत्तरेश्वर पडलेला. धाराशिवकडचा, चाळिशीचा माणूस, सहा वर्षं यांच्या गाड्या पुसतोय. वरदच्या गाडीतून लॅपटॉप गेला होता. गाडी उत्तरेश्वरने पुसली होती. झाला पुरावा.

"बोल, कुठंय?"

"आईशप्पत न्हाई घेतला, दादा."

"दादा कोणाला म्हणतो रे?"

वरदची लाथ पोटात बसली. कोणीतरी बागेला पाणी घालायचा पाइप आणला. शर्ट फाटला, पाठीवर वळ उठले.

"अहो, डोक्यात नका मारू," गॅलरीतून हेमाताई ओरडल्या. "मेला तर निस्तरायचं कोणी?"

सर खाली धावले. "थांबा! पोलिसांना बोलवा आधी."

"सर, तुमची थिअरी वर्गात," वरद म्हणाला. "इथे प्रॅक्टिकल चालू आहे."

लोक खदखदून हसले. पाइप पुन्हा उठला. उत्तरेश्वर आता ओरडतही नव्हता. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती.

सरांचं डोकं चालायला लागलं. जन्मभराची सवय. शब्दांनी ही माणसं थांबणार नव्हती. पण अशा भांडणांची एक रीत त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. शेवटचा हात मोठ्या माणसाचा. वडीलधाऱ्याने एक लगावली की न्याय झाला, सगळे घरी. माणसाला साधन म्हणून वापरू नका, असं ते दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगत आले होते. पण इथे वापरलं नाही तर माणूस मरत होता.

ते गर्दीत घुसले. उत्तरेश्वरला कॉलर धरून उठवलं आणि कानाखाली एक ठेवून दिली.

"बस! झालं! आता कोणी हात लावायचा नाही."

आणि खरंच, थांबलं सगळं. वरदने हेल्मेट खाली घेतलं. पाइप फरशीवर पडला.

"मानलं, सर," कोणीतरी म्हणालं.

उत्तरेश्वर सरांकडे बघत होता. एक डोळा सुजून बंद झालेला, दुसरा उघडा. त्यात विनवणी नव्हती, भीती नव्हती. नजर खाली जात नव्हती. माणूस माणसाकडे बघतो तसा तो बघत होता.

सरांचा हात पुन्हा उठला. ही थप्पड पहिलीपेक्षा जोरात बसली. काखेतले कागद रक्तात पडले.

पाच मिनिटांत पार्किंग रिकामं झालं. लोकांना ऑफिसं होती. सरांनी रिक्षा बोलावली आणि ते उत्तरेश्वरच्या शेजारी फरशीवर बसले.

"दवाखान्यात जाऊ. मला तसं करावं लागलं, उत्तरेश्वर. नाहीतर त्यांनी तुला जिवंत सोडलं नसतं."

"कळलं की, सर." तो रक्त थुंकला. "तुमी मारली अन् समदे थांबले. जीव वाचवला. उपकार हायेत."

सरांनी श्वास सोडला. इतका वेळ आवळलेले खांदे सैल पडले.

"पर दुसरी कशापायी?"

सरांनी रुमाल पाण्याने भिजवला, पिळला आणि त्याच्या ओठावरचं रक्त पुसायला हात पुढे केला.

उत्तरेश्वरने उघडा डोळा गच्च मिटला आणि मान मागे घेतली.