कात्री उलटी धरून बघा

घरात दोघी जावा. थोरली शिवायची, धाकटी मागवायची. थोरलीचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत, दाराला लागून. त्यामुळे बेल वाजली की पायडलवरचा पाय काढून उठायचं तिनंच. "ताई, माझंच असेल, घ्या हं!" असा आवाज माडीवरून यायचा आणि थोरली तोंडात टाचण्या धरूनच पार्सल घ्यायची.

त्या दिवशी चपलांचं कपाट आलं. सुट्या फळ्यांचं, घरी जोडायचं, आणि खोक्याला पत्र्याच्या पट्ट्या करकचून आवळलेल्या. धाकटीचा नवरा ऑफिसातून आला तो खोकं बघून इतका खूश झाला की बूटसुद्धा काढले नाहीत. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, शिवणाच्या टेबलावरची कात्री उचलली आणि पट्टीला लावली. थोरली "भावोजी, नको!" म्हणेपर्यंत कट्‌कन आवाज झाला. पट्टी शाबूत राहिली. कात्रीचं टोक तुटून कोचाखाली गेलं आणि दोन्ही पाती एकमेकांवर रुसल्यासारखी फाकली.

"सॉरी, वहिनी. कात्रीच ना? दुसरी आणू."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती डावखुरी होती आणि कात्री डाव्या हाताची होती. शिवणाच्या क्लासच्या बाईही डावखुऱ्या होत्या. गाव सोडताना त्यांनी ती हिला दिली होती. तेव्हापासून दुसरी अशी कात्री तिनं कुठं पाहिली नव्हती. आणि टेबलावर दातांच्या दवाखान्याच्या कोटांचं फिकट हिरवं कापड खडूनं आखून तयार होतं, फक्त कापायचं बाकी.

"अहो ताई, एवढं काय," धाकटी जिना उतरताना म्हणाली. फोन हातातच होता. "आत्ता मागवते, उद्या दारात."

"कात्री हातात धरून, कापड कापून घ्यायची असते. फोटो बघून घ्यायला ती काय भिंतीवर लावायचीय?"

"मग जा दुकानात. पायपीट करा."

थोरली गेली. शिवणाच्या सामानाचं मोठं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. मालकांना सगळे बटणवाले काका म्हणत. काउंटरवर चार बायका अस्तराचा रंग जुळवत होत्या, काका चेन मोजत होते.

"काका, डाव्या हाताची कात्री आहे?"

"कात्रीला कसला आलाय डावा-उजवा हात? दोन भोकं असतात, बोटं घालायची." त्यांनी एक नवीकोरी कात्री पुढं सरकवली. "उलटी धरून बघा."

"उलटी धरली तरी तीच राहते, काका. पाती बदलत नाहीत."

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. साधी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा जोर उलटा पडतो, पाती घासायच्या ऐवजी लांब जातात आणि कापड मध्येच दुमडतं. शिवाय वरचं पातं नेमकी खडूची रेघ झाकतं. काकांनी ऐकलं, म्हणजे मान हलवली. मग म्हणाले, "सवयीनं हात बसतो हो." अस्तरवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, "आमच्या मुलीला लहानपणीच उजव्या हाताची सवय लावली आम्ही." थोरली पायऱ्या उतरली. चौकात बस नुकतीच सुटली होती.

घरी आल्यावर तिनं धाकटीला एवढंच सांगितलं, "मागव."

धाकटीनं वर "बघा, शेवटी" असं काही म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं.

पार्सल खरंच दुसऱ्या दिवशी आलं. खोक्यावर डाव्या हाताचं चित्र होतं, नारिंगी मुठीला डाव्या अंगठ्यासाठी छान खळगा होता. थोरलीचा चेहरा उजळला. तिनं चिंधी घेतली, कात्री लावली. चिंधी दुमडली. पुन्हा लावली, पुन्हा दुमडली. मूठ डावखुऱ्यांची होती आणि पाती उजवीच होती.

"म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं," थोरली म्हणाली, "की डावखुऱ्यांना फक्त धरायला कात्री हवी असते. कापायला नको."

धाकटीनं कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक गोड आवाज आला. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, मॅडम. आपण कात्री उलटी धरून बघितली का?"

थोरलीनं फोनकडे असं बघितलं की धाकटीनं तो पाठीमागं लपवला.

बदली कात्री मिळेल असं ठरलं. धाकटीनं या वेळी दुसरी निवडली. फोटोखाली एका गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, पाती खरोखर डावी आहेत. तीही आली. पाती खरोखर डावी होती. फक्त आख्खी कात्री तळहातात मावत होती आणि टोकं गोल होती. बालवाडीतल्या मुलांची, कागद कापायची.

"फोटोत तर मोठी दिसत होती!"

"फोटोत मुंगीसुद्धा मोठी दिसते! खाली माप लिहिलेलं असेल ना? वाचायचं कुणी?"

"तुमच्यासाठीच धडपडतेय ना मी? दुकानात जाऊन तुम्ही तरी काय दिवे लावलेत?"

दोघी दिवसभर एकमेकींशी नवऱ्यांमार्फत बोलल्या. संध्याकाळी दवाखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. "कोट झाले का? सोमवारी पाहुणे डॉक्टर येणारेत." थोरली म्हणाली, "होताहेत," आणि फोन ठेवून उजव्या हातानं साधी कात्री चालवून पाहिली. बाहीचा गोल भाग असा कापला गेला, जसा उंदरानं कुरतडावा. तिनं तो तुकडा गोळा करून भिंतीवर भिरकावला. कापडाचा तुकडा तो, लागला तरी आवाज होईना, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं तुटकी कात्री रुमालात गुंडाळली आणि पुन्हा बाजार गाठला. निदान स्क्रू तरी बसवून मिळावा. उरलेल्या पात्यावर कसंबसं भागवता येईल. धाकटी न विचारताच बरोबर निघाली. बसमध्ये दोघी शेजारी बसून वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होत्या.

काकांनी कात्री उलटसुलट पाहिली, स्क्रू पिळून घट्ट केला आणि बघायला म्हणून चिंधीवर चालवली, उजव्या हातानं. चिंधी दुमडली.

"ही मुळातच खराब आहे हो."

"खराब नाही! माझ्या हातात द्या." थोरलीनं ती घेतली आणि तुटक्या टोकापर्यंत चिंधी सर्रकन कापली. "बघा. आता तुम्ही."

काकांनी पुन्हा चालवली. पुन्हा दुमडली. ते थोडा वेळ आपल्याच हाताकडे बघत राहिले.

"थांबा," ते म्हणाले आणि आत गेले. आतून डबे पडल्याचे आवाज आले. आले ते धुळीनं माखलेलं एक खोकं घेऊन. "ही आमच्याकडं पडून आहे. ज्यानं ज्यानं घेतली त्यानं परत आणली, कापत नाही म्हणून. कंपनीला पाठवली, तर त्यांनी काही दोष नाही म्हणून परत धाडली. मी त्यांच्याशी भांडलोसुद्धा. शेवटी खराब मालात टाकून दिली."

थोरलीनं कात्री हातात घेतली. लांब, जड, काळ्या मुठीची. काउंटरवरच्या अस्तराच्या तुकड्याला लावली. कापड नुसतं दुभंगत गेलं. कात्री मिटावीसुद्धा लागली नाही, पुढं सरकवली की पुरे.

तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी त्या दिवशी इथंच उभी होते. याच जागी. विचारलं होतं."

"तुम्ही डाव्या हाताची मागितलीत. ही डाव्या हाताची आहे हे मला कुठं माहीत?"

"खोक्यावर लिहिलंय!" धाकटीनं धूळ पुसून दाखवलं.

"तेवढं बारीक कोण वाचतो?"

धाकटीला खोकला आला. थोरलीनं तिच्याकडं बघितलंच नाही.

"खराब मालातली आहे, तर कमी करा काहीतरी," थोरली म्हणाली.

"आता कुठं खराब राहिली?" काका म्हणाले. "चालतेय की उत्तम." आणि पूर्ण किंमत लावली.

बाहेर आल्यावर धाकटी उसळली. "याच माणसानं हिचा फोटो टाकला असता ना, तर मला एका मिनिटात सापडली असती."

"आणि तुझ्या त्या गोड आवाजाच्या बाईच्या हातात ही दिली असती, तर तिनं उलटी धरली असती."

दोघींना एकदमच हसू आलं, पण ते फार टिकलं नाही, कारण बस पुन्हा समोरून निघून गेली.

कोट कापून झाले, शिवून झाले, सोमवारी नाही तरी मंगळवारी दुपारी गेले. मॅनेजरबाईंनी पाहुणे डॉक्टर सोमवारी सगळ्यांना जुन्याच कोटांमध्ये बघून गेले हे तीनदा ऐकवलं आणि खिसे मात्र छान बसलेत म्हणाल्या.

बालवाडीची कात्री परत न्यायला माणूस आला तेव्हा थोरली एका ब्लाउजचा गळा कापत होती. त्यानं खोकं उघडलं, आत पाहिलं आणि मान हलवली. "प्लास्टिकची पिशवी नाही यात. पिशवीशिवाय घेता येत नाही."

"अहो, पिशवी घेऊन काय करणार तुम्ही?" थोरली म्हणाली.

"नियम आहे, ताई. कंपनीला फोन करा."

थोरलीनं कात्री खाली ठेवली, जिन्याशी गेली आणि वर तोंड करून ओरडली, "अगं, खाली ये! तुझंच आहे, तूच बोल!"

वरून पावलं वाजली. धाकटी उतरली ती स्पीकर चालू केलेला फोन हातात धरूनच, आणि तिच्याआधी खाली येऊन पोचलं कंपनीचं ते संगीत.