नाव घ्यायचं नाही

२०२३ सालची गोष्ट. गाझियाबादच्या सुखदाला गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, आणि ती पक्की होणार की नाही हे सोमवारी ठरायचं होतं. मानेसरच्या कामगारांच्या बसचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम तिला त्या दिवशी चालवून दाखवायचा होता. रविवारी दुपारी तो एका ओळीवर अडून बसला. कामगार कुठून चढतो, त्या रकान्याला तिने 'फ्रॉम' नाव दिलं होतं. पण तो शब्द पायथनने, म्हणजे ती ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होती तिने, स्वतःसाठी राखून ठेवलेला. दुसरं नाव तिला सुचेना.

"म्हणजे नाव घ्यायचं नाही, एवढंच ना?" सासूबाई, हेमलताबाई, मटार सोलता सोलता म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचं नाव तुळशीराम. आमच्या सासूबाई तुळशीला जन्मभर वृंदा म्हणाल्या. तुळस काही रुसली नाही."

"आई, तुम्ही पण ना!" सुखदा हसली. पण तिने 'फ्रॉम' सगळीकडून काढून इंग्रजी अक्षरांत 'थांबा' लिहिलं आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला.

सोमवारी तिचा साहेब, अनुराग त्यागी, पडद्याकडे बघत म्हणाला, "यार, ये थंबा क्या है? बिजली का खंबा?"

"सर, मराठी में स्टॉप."

"अच्छा. चलो, रहने दो."

नोकरी पक्की झाली. पुढे अनुराग कॅनडाला गेला आणि सुखदा त्याच्या जागेवर आली. हेमलताबाई मागच्या वर्षी वारल्या. सून काय करते असं कुणी विचारलं, की त्या शेवटपर्यंत "बसचं बघते" एवढंच सांगायच्या.