तांदळातलं नाव

सत्त्याऐंशी साली नयनाचे अमेरिकेच्या व्हिसाचे सगळे कागद जमले, पण आजोळी नोंदवलेल्या जन्मदाखल्यावर आईचं नाव जानकी होतं आणि बँकेच्या पत्रावर सुलक्षणा.

"या बायका दोन की एक?" पार्ल्याच्या नोटरीने चष्म्यावरून विचारलं.

आईने पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला. आत चिकटवलेल्या पत्रिकेवर जानकी होतं, आणि शेजारच्या फोटोत बाबा ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुलक्षणा लिहीत होते. नोटरी हसला. 'जानकी ऊर्फ सुलक्षणा' असं प्रतिज्ञापत्र करून त्याने शिक्का मारला, तेव्हा कुठे नयनाचा जीव भांड्यात पडला.

जिना उतरताना आई म्हणाली, "तिकडे लग्न जमवलंस तर खुशाल जमव. फक्त ताटात तांदूळ दिसले की हा जिना आठव."