तेल लावलेली तार

भुरा अंगणात आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. आमच्या वखारीत तो शेंगांची पोती उचलायचा. त्याच्या खांद्यावर त्याची पाच वर्षांची रेशमा होती आणि मागे धापा टाकत जमना, तिची आई. पोरीचा श्वास मला ओसरीवरूनच ऐकू आला. ओली फळी करवतीने कापावी तसा.

"अक्का, पोरना दम कोंडी राहिना," भुरा म्हणाला. "डाक्टरनी सांगं, आत्तेच धुयाले लई जा."

पिंपळनेरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. घटसर्प. घशात पडदा धरला होता. त्यावरचं इंजेक्शन धुळ्यालाच मिळणार होतं आणि रात्र पडू देऊ नका, असं त्यांनी तोंडी सांगितलं होतं. सकाळची बस गेलेली, पुढची सहाला. आमचे हे जळगावला गेले होते. घरात मी, धाकटा दीर दीपचंद आणि लष्कराच्या लिलावातली आमची जुनी जीप.

दीपचंदनं काही विचारलं नाही. किल्ली घेतली, गाडी चालू केली, गिअर टाकायला पाय दाबला आणि खाली काहीतरी ताडकन तुटलं. पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही.

तो उतरून गाडीखाली शिरला आणि तसाच पडून राहिला.

"क्लचची तार गेली, भाभी. मधोमध."

"मग?"

"क्लचशिवाय गाडी पळवणारे ड्रायव्हर असतात. मी त्यातला नाही. साक्रीच्या बाजारात एखाद्याच्या बैलगाडीत घालीन."

त्यानं सायकलच्या ब्रेकची तार काढून पाहिली. एका दाबात तिचे धागे विसकटले. ओसरीवरच्या झोपाळ्याची साखळी जाड, तारेच्या भोकातून जाईना. मग तो विहिरीकडे बघायला लागला, आणि लगेच नजर वळवली. मला कळलं.

आम्हा जैनांकडे पाणी गाळलं की गाळणं उलटं धुऊन त्यातले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, ही रीत. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी बादली असते. पाण्याला टेकली की आपोआप कलंडते, जिवांना धक्का लागत नाही. माझ्या बादलीला सुती दोर टिकेना, म्हणून ह्यांनी मुंबईहून पोलादी पिळाची बारीक तार आणून दिली होती. ती बादली विहिरीत गेल्याशिवाय मी पाणी घेत नाही, हे दीपचंदला ठाऊक होतं. त्या दिवशीचं गाळण अजून सोडायचं होतं.

"किती लागेल?" मी विचारलं.

"दोन हात. पण मग वैशाखात तुमची बादली पाण्याला पोचायची नाही."

मी राहाटावरून तार सोडून त्याच्यापुढे टाकली. त्यानं छिन्नीनं दोन हात तोडली. गाडीखाली जुनी तार अडकायची त्या दोन कड्यांतून ओवून घेतली, दोन्ही शेवट एकावर एक घेतले आणि लोखंडाच्या दोन पट्ट्यांत धरून चार बोल्ट आवळले. पोरीला जमनानं ओसरीवर मांडीत घेतलं होतं. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा.

"भाभी, बसा. पेडल दाबा."

मी जन्मात त्या जागेवर बसले नव्हते. पदर खोचला, अनवाणी पाय ठेवला, दाबला. अर्ध्यापर्यंत जड लागलं, मग एकदम पोकळ.

"सुटली!" खालून तो ओरडला. पुन्हा आवळली. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी पाना घसरून त्याची बोटं सोलली. तो बाहेर आला, रक्तापेक्षा तेलानं चकाकणाऱ्या आपल्या हातांकडेच पाहत राहिला.

"भाभी, या तारेला तेल कोण पाजतं?"

"मीच. दर अष्टमीला, तिळाचं. गंज चढू नये म्हणून. ग्रीसमध्ये चरबी असते म्हणतात."

"किती वर्षं?"

"चार."

"वा! तुमची तार पुण्यवान, पण पकडीत राहायची नाही. आतल्या पिळापर्यंत मुरलंय."

भुरा उठून उभा राहिला. "व्हई का भाऊ?"

मी चुलीतली चाळलेली राख आणि रॉकेलची बाटली आणली. दीपचंदनं शेवटांचे पीळ सोडवले. भुरानं एकेक धागा रॉकेलात बुडवायचा, मी राखेनं घासायचा. धागा बोटात शिरत होता. मनात नवकार चालू होता आणि दर ओळीच्या मध्ये पोरीचा श्वास मोजला जात होता. एकदा तो इतका लांबला की तिघांचे हात थांबले. मग आला.

पीळ पुन्हा भरले, शेवटाला वळसा देऊन गाठ मारली, पट्ट्या चढवल्या. मी पाय दाबला. पेडल तळापर्यंत गेलं आणि वर आलं.

"चला," दीपचंद म्हणाला. "आता जास्त दाबायला लावू नका म्हणावं रस्त्यातल्या बैलांना."

मीही बसले. धुळ्याच्या दवाखान्यात जमना कोणाशी काय बोलणार? साक्रीत बैलगाड्यांनी चार वेळा थांबवलं. दर वेळी तो उतरून वाकून पाहायचा आणि बोट दाखवायचा: एवढी सरकली. कुसुंब्याच्या पुढे दोन बोटं. तिथून त्यानं गिअर बदलणंच सोडलं. धुळ्यात शिरताना पेडल निकामीच झालं. तो थांबला नाही. हॉर्नवर हात ठेवून एकाच गिअरमध्ये गल्ल्या ओलांडल्या, दवाखान्याच्या पायरीशी ब्रेक मारला. गाडी दोन गचके देऊन बंद पडली.

इंजेक्शन टोचलं. पण ते लागू पडायला वेळ हवा होता आणि तेवढा वेळ त्या घशात नव्हता. डॉक्टर पोरीला आत घेऊन गेले. आम्ही पडद्याबाहेर उभे. श्वासाचा तो करवतीचा आवाज चालला होता; मग तुटक झाला; मग थांबला.

जमनानं माझं मनगट धरलं. "अक्का, ती काब चूप व्हयनी?"

शांततेसाठी मी रोज ध्यानाला बसते, पण ती शांतता मला सोसवेना. जमनाची नखं रुतत होती. भुरा भिंतीकडे तोंड करून खाली बसला.

पडदा सरकला. नर्सनं जमनाला आत बोलावलं, तिचा हात धरून पोरीच्या गळ्याजवळ नेला. तिथं भोक पाडून बारीक नळी बसवली होती. जमना नळीच्या तोंडाशी तळहात धरून उभी राहिली, जराही न हलता. मग मान वळवून भुराला म्हणाली, "ये. हाऊ दम शे. गरम शे."