जपून लिहिलेले मेसेज

मोताळ्याच्या बसस्टँडजवळ हरिओमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. वय चौतीस. नऊ ठिकाणी मुलगी पाहून झाली, पुढे लोकांनी बोलावणंच बंद केलं. मग त्यानं मोबाइलवर डेटिंगचं अ‍ॅप घेतलं. पन्नास किलोमीटरात कोणी दिसेना, म्हणून अंतर वाढवत वाढवत तो पुण्यापर्यंत पोचला. तिथं योगिनी भेटली.

योगिनी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. घटस्फोट झालाय, एकटी राहते, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. हरिओमनंही दुकान, शेत, आई, सगळं खरं सांगितलं. फक्त भाषा लपवली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागं बसून तो एकेक वाक्य घासूनपुसून लिहायचा. 'मले' खोडून 'मला', 'काऊन' खोडून 'का'. फोनचं नाव निघालं की रेंज नाही म्हणायचा.

"तुमचे मेसेज वाचून बरं वाटतं," तिनं एकदा लिहिलं. "घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं."

"मलाही," त्यानं लिहिलं.

दीड महिन्यानं, एका रविवारी दुपारी, तिचा सरळ फोनच आला. त्यानं उचलला, आणि ठरवून ठेवलेलं एकही वाक्य तोंडात येईना.

"तुमचा फोन आला तं मले काही सुचूनच नाही राह्यलं," तो म्हणाला.

तिनं विचारलं, "हरिओमच बोलताय ना?"

"हाव, मीच."

"मेसेज तुम्हीच लिहिता?"

"मीच. लिवताना जरा जपून लिवतो."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मागाहून वाटलं. तिनं आईची तब्येत विचारली, ऊन किती आहे विचारलं, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मेसेज आला. "तुमच्या बोलण्यात वाईट काही नाही. पण दीड महिना मी ज्याच्याशी बोलत होते, तो आज फोनवर नव्हता. लग्नातही माझं असंच झालं होतं, माणूस निराळाच निघाला. पुन्हा नाही जमणार. काळजी घ्या."

त्यानं लिहिलं, "तो मीच होतो." ते खोडलं. मग लिहिलं, "मानूस तोच हाय," आणि पाठवून दिलं. तिनं वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही.

एका सकाळी नेहमीचे गिऱ्हाईक पुंजाजी दुकानात आले. "हरिओम, ठिबकची सोळा एमएमची नळी हाय काय?"

"आहे ना. किती हवी आहे तुम्हाला?"

पुंजाजींनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "काऊन रे, पाव्हन्यासारखा बोलून राह्यला?"

"सवय पडली, काका," हरिओम ओशाळून म्हणाला. नळीचं बंडल काढायला तो आत गेला आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिला. पुंजाजींनी हाक मारली, तेव्हा बंडल खांद्यावर टाकून बाहेर आला.