बटणाच्या प्रसंगातला खोकला

ते २००४ साल होतं. घराघरांतली व्हिडिओ कॅसेटची यंत्रं माळ्यावर चढत होती आणि त्यांच्या जागी तबकड्या फिरवणारे चपटे डबे येऊन बसत होते. जुने सिनेमे धुऊनपुसून तबकडीवर काढायचा मोठा धंदा तेव्हा निघाला होता. फ्रान्समधल्या कंपन्या आपले जुने कृष्णधवल सिनेमे लांबलांबच्या कचेऱ्यांकडे सफाईला पाठवत. तशाच एका कचेरीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, या गोष्टीतली सून कामाला होती.

चित्र साफ करणारी मंडळी पलीकडच्या खोलीत बसत. ओरखडे, डाग, चिकटलेले केस, सगळं एकेक करून पुसत. हिच्याकडे आवाज होता. जाड दाराच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून ती दिवसभर बसायची आणि फितीतली खरखर, टकटक, फसफस निवडून बाजूला काढायची. कचेरीत तिला सगळे ‘कान’ म्हणत. “कान आले का?” “कान आज रजेवर आहेत.” मग कुणीतरी हटकून म्हणे, “म्हणजे आज मोठ्याने बोलायला हरकत नाही.”

सफाईचे नियम साहेबांनी घालून दिले होते. त्यातला एक असा, की माणसाचा जो आवाज पडद्यावरच्या माणसाचा नाही, तो काढून टाकायचा. जुन्या काळी चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्यामागे कुणी शिंके, कुणी कुजबुजे, कुणाची खुर्ची करकरे. ते सगळं केरात.

त्या वर्षी कामाला आलेल्या सिनेमांत एक असा होता, की तो पाहून सुनेने साहेबांचं टेबलच गाठलं.

“साहेब, हा मला द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

“का गं? हिरो आवडतो?”

“हिरो नाही. माझे सासरे आहेत यात.”

साहेबांनी चष्मा वर केला. “सासरे फ्रेंच होते तुझे?”

“छे हो! ह्याचं चित्रीकरण आमच्या गावाच्या बंदरावर झालं होतं. सासरे तेव्हा ऐन विशीत होते. उंच होते, हात लांब होते, म्हणून त्यांना लांब काठीला माइक बांधून तो नटनट्यांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं काम मिळालं. सासूबाई कपडेपटात शिवणावर होत्या. तिथेच त्यांचं जमलं.”

सासऱ्यांना तिने पाहिलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. त्या फ्रेंच मंडळींनी त्यांना ‘बांबू’ नाव ठेवलं होतं आणि गावाने ते पुढे जन्मभर चालवलं. नंतर त्यांनी विजेच्या दुरुस्तीचं दुकान काढलं, तर लोक पाटी न वाचता ‘बांबूचं दुकान’च म्हणत. भिंतीवर त्यांचा फोटो होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. त्या काळी कोण कुणाचा आवाज जपून ठेवत होतं?

सासूला सगळे माई म्हणत. माईंकडे या सिनेमाची एक कॅसेट होती. महिन्यातून एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, त्या ती लावून बसत. सुनेने मनाशी ठरवलं, की माईंना हा सिनेमा असा ऐकवायचा, की बंदरावर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. नेहमीच्या कामाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिने त्याला दिला. जेवायच्या सुट्टीतसुद्धा ती हेडफोन काढत नव्हती. नवरा शाळेत कसरतीचा मास्तर. तो म्हणाला, “माझ्याशी बोलताना एवढं कान देऊन ऐकत नाहीस कधी.”

“तू बोलतोस त्यात साफ करण्यासारखं फार असतं,” ती म्हणाली.

फ्रान्समध्ये त्या सिनेमाच्या संकलनावर काम केलेल्या एक बाई अजून हयात होत्या. काम त्यांनी तपासून पसंत केलं. आता पुढच्या सोमवारी ते तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात जायचं होतं. त्याच्या आठ दिवस आधीच्या रविवारी सुनेने नमुन्याची एक तबकडी घरी आणली.

दुपारी पडदे ओढून तिघं बसली. समुद्राच्या लाटा अशा ऐकू आल्या, की माईंनी पाय वर घेतले.

“अगं, पाणी घरात येतंय की काय!”

सून खुशीत हसली. नवरा अर्ध्या तासात झोपला. सिनेमा कुठल्याही देशाचा असो, तो झोपायचाच. मग तो बटणाचा प्रसंग आला. नायिका खिडकीशी बसून नवऱ्याच्या कोटाला बटण लावते आहे. नवरा बोटीवर गेलेला, तो परत येणार नाही हे गावाला कळलंय, तिला अजून कळायचंय. बराच वेळ कुणी बोलत नाही. दोऱ्याचा आवाज तेवढा. माई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. त्यांनी हातातला पंखाही थांबवला. नायिकेने दचकून मान वर केली, दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

माई तशाच बसून राहिल्या. मग हळूच मागे टेकल्या.

“कसं वाटलं, आई?” सिनेमा संपल्यावर सुनेने विचारलं.

“छान झालंय हं. फार मेहनत घेतलीस तू.” माई उठल्या. “डोळे दुखले माझे. पडते जरा.”

सुनेचं मन खट्टू झालं. नवऱ्याला तिने उठवलं. “आईंना आवडलं नाही रे.”

“छान म्हणाली ना?”

“माझ्या पहिल्या स्वयंपाकालाही अशाच छान म्हणाल्या होत्या.”

बुधवारी कचेरीतली वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. सून घरी आली तर माई जुन्या यंत्रापुढे जमिनीवर बसलेल्या. कॅसेट पोटात अडकली होती आणि फितीची गुंडाळी माईंच्या मांडीवर आली होती.

“थांबा, थांबा, ओढू नका!” सून पिशवी टाकून खाली बसली. हलक्या हाताने तिने फीत सोडवली आणि बोटाने चक्री फिरवत गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला. बाकी सगळी फीत ठीक होती. एका जागी मात्र ती झिजून पार चुरगळली होती. फीत जिथे पुन्हा पुन्हा मागे नेऊन लावली जाते तिथेच अशी झिजते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

“आई, ही जागा कुठली?”

माईंनी तोंड यंत्राकडे वळवलं.

“बटणाची ना? माझ्या तबकडीत काय नाही ते सांगा. नाहीतर मी आज इथून उठत नाही.”

“अगं, काही नाही. वेडेपणा आहे माझा.” माईंनी पदराने यंत्राची धूळ पुसली. “ह्यांचा खोकला होता गं तिथे.”

“खोकला?”

“त्या दिवशी ह्यांना पडसं झालेलं. काठी धरून किती वेळ उभे. दाबला, दाबला आणि शेवटी सुटला. ती बाई दचकली, तिने वर बघितलं. दिग्दर्शक आधी चवताळला. मग म्हणाला, असं वर बघणं तिला शिकवून आलं नसतं. जणू नवराच आला दारात! तोच तुकडा ठेवला त्याने. मी तिथेच होते, सुईत दोरा ओवून देत होते तिला. हे बाहेर जाऊन तोंड पाडून बसले, तर मी गरम पाणी नेऊन दिलं. तिथून सुरू झालं सगळं.” माई थोडं हसल्या. “एवढाच राहिलाय आवाज त्यांचा. फोटो काय, गप्पच असतो.”

सुनेला तो खोकला चांगला आठवत होता. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ धावते, त्यात तो एका झुबक्यासारखा दिसला होता. नायिका एकटी, तिचं तोंड मिटलेलं, म्हणजे आवाज बाहेरचा. नियमाप्रमाणे तिने तो काढला होता, आणि त्या जागी दोऱ्याचा आवाज इतका बेमालूम जोडला होता, की स्वतःच स्वतःची पाठ थोपटली होती.

“रविवारीच का नाही बोललात?”

“कशी बोलू? तू एवढं जीव तोडून केलंस. त्यात मी म्हातारी म्हणणार, माझ्या नवऱ्याचा खोकला कुठे गेला? लोक हसतील.” मग त्या म्हणाल्या, “पण एक सांगू? ती बाई आता वर बघते ना, ते कुणाकडे बघते तेच कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सून साहेबांपुढे उभी राहिली.

“खोकला परत घालायचा?” साहेब म्हणाले. “आपण खोकले काढायचे पैसे घेतो, बाई. उद्या कुणी म्हणेल माझ्या मामाची शिंक घाला.”

“साहेब, सासऱ्यांचं सोडा. हा तुकडा बघा. आणि मला सांगा, ती वर का बघते?”

साहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. “कुणीतरी... काहीतरी...” ते चाचरले. “का बघते?”

सुनेने कपाटातून कच्च्या आवाजाची टेप काढून आणली होती. मूळ फितीवरून उतरवलेला, सफाईआधीचा तो आवाज कारखान्यात काम जाईपर्यंतच ठेवत. नंतर त्याच टेपवर दुसरा सिनेमा उतरवायचा. तिने तोच तुकडा कच्च्या आवाजासकट लावला. खरखरीतून खोकला आला, नायिकेने मान वर केली, आणि साहेबांनीही नकळत दाराकडे पाहिलं.

“हं,” ते म्हणाले. “पण तिकडच्या बाईंनी पसंत केलंय. त्यांनी हो म्हटलं तरच. नाही म्हणाल्या, तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस या विषयावर.”

त्यांनी फोन लावला. साहेबांचं फ्रेंच बेताचं होतं. ती कसर ते ओरडून भरून काढत. पलीकडच्या बाई बराच वेळ बोलल्या. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि शेवटी फोन ठेवून ते हसायलाच लागले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तपासताना खोकला ऐकू आला नाही, तेव्हा त्यांना वाटलं आपलेच कान गेले. या वयात लोकांना कशाला कळू द्या, म्हणून गुपचूप सही केली. आता म्हणतात, घाला, घाला! तो खोकला कापायला निघालेल्या निर्मात्याशी त्या काळी आम्ही भांडलो होतो.”

सून धावतच आपल्या खोलीत गेली. खोकला परत बसवणं अवघड नव्हतं, पण त्याच्यावरची खरखर काढायची होती. ती कडेकडेने सफाई करत आली. खोकला संपतो त्याच्या किंचित पुढे रेघेवर तिला एक बारीकसा फुगवटा दिसला. मागच्या वेळी तो फसफसीत धरून तिने खोकल्याबरोबरच पुसला होता. आता तिने फक्त त्याच्यावरची फसफस काढली आणि आवाज वाढवला.

कुणीतरी, अगदी दबक्या आवाजात, काहीतरी म्हणत होतं.

सुनेला फ्रेंच येत नव्हतं. पण इतकी वर्षं फ्रेंच सिनेमे धुतल्यावर एवढा एक शब्द कुणालाही येईल. पार्दों. माफ करा.

शुक्रवारी तिने माईंना कचेरीत नेलं. कचेरी दाखवायची आहे, एवढंच सांगितलं. माई ठेवणीतली साडी नेसल्या, जिन्यात दोनदा दम खायला थांबल्या, साहेबांना “बसा, बसा, उठू नका,” म्हणाल्या आणि जाड दाराच्या खोलीत सुनेच्या खुर्चीवर बसल्या. सुनेने त्यांचा अंबाडा सांभाळत हेडफोन चढवला.

दोरा. दोरा. खोकला.

माईंनी डोळे मिटले. चेहराभर समाधान पसरलं. मग एकदम डोळे उघडले.

“हे काय होतं?”

“परत लावू?”

“लाव.”

परत लावलं. माईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबला.

“हा ह्यांचाच आवाज. त्या लोकांनी शिकवलेले चार शब्द येत होते, त्यातला. अगं, पण...” त्या सुनेकडे बघत राहिल्या. “माफ करा म्हणतात? हे?”

“असंच ऐकू येतंय.”

“आयुष्यभर एकदा नाही म्हणाले गं मला! माझ्या आईने दिलेला आरसा फोडला, तेव्हा नाही. माझ्या भावाच्या लग्नात भांडून उठून आले, तेव्हा नाही. चूक झाली की चहा करून आणायचे आणि कप हातात धरून समोर उभे राहायचे. मी म्हणायची, ह्यांना तो शब्दच येत नाही.” माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “येत होता की! परक्यांना म्हणाले. मला मेलीला जन्मभर चहावर भागवलं!”

दारातून डोकावणाऱ्या साहेबांनी हळूच दार ओढून घेतलं.

“आणखी एकदा लाव,” माई म्हणाल्या. “ह्या वेळी मी माफ करते.”

सोमवारी तबकडी कारखान्यात गेली, खोकल्यासकट आणि त्यामागच्या शब्दासकट. शब्द सुनेने मोठा केला नाही. होता तेवढाच ठेवला.

फ्रान्समधल्या त्या बाईंनी पुढे कानाचं यंत्र घेतलं आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, की कान मुळात चांगलेच होते. साहेबांनी तबकड्यांचा धंदा बसल्यावर कचेरी बंद केली. ते लेकीकडे राहायला गेले आणि तिथे जावयाशी टीव्हीच्या आवाजावरून भांडत बसतात. नवरा अजूनही सिनेमाला झोपतो. भांडण झालं की तोही चहाच करून आणतो, पण कप पुढे करताना हळूच म्हणतो, “पार्दों,” आणि सुनेचा राग तिथेच संपतो.

माई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, तरी तबकडी लावायला सांगत. बटणाच्या प्रसंगाला एक बोट वर धरत, आणि नायिकेने मान उचलली की बोट खाली घेत. कधी चुकल्या नाहीत.

सून आता स्वतः म्हातारी झाली आहे. तो सिनेमा हल्ली तारेवरून थेट घरात येतो, कुणीतरी पुन्हा नव्याने धुतलेला, फार देखणा. तिने सगळ्यात आधी बटणाचा प्रसंग लावून पाहिला. खोकला आहे. मागचा शब्द मात्र नाही. फसफस समजून कुणीतरी पुसला. ती रागावली नाही. तिनेही एकदा तेच केलं होतं.

पण तबकड्या फिरवणारा चपटा डबा तिने अजून माळ्यावर चढवू दिलेला नाही.